मास्तरांचा मफलर

यंत्राने घराचा कोपरा न् कोपरा हुंगला, तरी पडदा कोराच राहिला. सरकारतर्फे वारस शोधायला आलेल्या मृण्मयीने कपाळाला हात लावला. निपुत्रिक मास्तरांच्या या घरात शेजारच्या शेवंताबाई बारा वर्षं राबल्या, हे सगळं गाव सांगत होतं. पण नव्या कायद्यात गावाच्या सांगण्याला किंमत नव्हती. ज्याच्या अंगाची धूळ घरात किंवा मालकाच्या वस्तूंत मुरलेली सापडेल, घर त्याचं.

"मावशी, हे एवढं घासलं कोणी?"

"मीच. तेरावं झाल्यावर घर धुवायला नको? भिंतीसुद्धा पुसून काढल्या."

"न धुतलेलं काहीच उरलं नाही? आज काही सापडलं नाही, तर उद्या सरकार कुलूप लावील."

शेवंताबाई घुटमळल्या. मग आपल्या घरी जाऊन त्यांनी एक पत्र्याचा डबा आणला. आत मास्तरांचा करडा मफलर होता.

"हा तेवढा माझ्याच्याने धुववला नाही," त्या खाली बघत म्हणाल्या.

मृण्मयीचा चेहरा उजळला. गावाने सांगितलं होतं, रोज संध्याकाळी त्याच तर तो मास्तरांच्या गळ्याभोवती गुंडाळून द्यायच्या! "द्या इकडे. द्रावणात बुडवला की दोघांची धूळ सुटेल. घर तुमचं झालं म्हणून समजा."

"म्हणजे धुणार?"

"धुवावाच लागेल, मावशी."

शेवंताबाईंनी मफलर क्षणभर नाकाशी नेला, पुन्हा घडी घातली आणि डब्याचं झाकण घट्ट लावलं.

"लावू दे कुलूप," त्या म्हणाल्या.