तिसरी पिशवी

श्रीपादरावांच्या सॅकमधला तंबू, स्टोव्ह आणि पातेलं कुमुदने आपल्या सॅकमध्ये कोंबलं. सॅक पाठीवर घेताच ती मागे कलंडली.

"जपून गं," पडवीच्या खांबाला टेकलेले श्रीपादराव म्हणाले. निवृत्तीनंतर दोघांनी सह्याद्रीतून चाळीस दिवस चालायचं ठरवलं होतं. काल अठराव्या दिवशी घाट उतरताना त्यांचा गुडघा गेला. नवऱ्याला एसटीत बसवून आपण पुढे जायचं, या विचाराने कुमुदला सकाळपासून अपराधी वाटत होतं.

रात्री मुक्काम केलेल्या घरच्या मावशीने आतून शिध्याची पिशवी आणली. वाटेतल्या पाच घरी अशा पिशव्या श्रीपादरावांनीच महिन्यापूर्वी गाडीने जाऊन ठेवल्या होत्या.

"दादांनी मारलेली गाठ तशीच हाय बघा," मावशी म्हणाली.

कुमुदने गाठ सोडली. आधीच्या दोन्ही पिशव्यांत सगळं दोघांचं होतं. हिच्यात तांदूळ एकापुरते, डाळ एकापुरती, आणि चिक्की फक्त तिला आवडणारी, तिळाची.

म्हणजे गुडघा दुखायच्या महिनाभर आधीच सगळं ठरलं होतं.

"तोंडाने नाही म्हणायचं होतंत," ती एवढंच बोलली. श्रीपादराव अंगणातल्या कोंबड्यांकडे बघत राहिले.

कुमुद खाली वाकली. सकाळी शेकून, फुंकर घालून त्यांच्या गुडघ्याला बांधलेली पट्टी तिने सोडली, नीट गुंडाळली आणि सॅकमध्ये टाकली.

"ही मला लागेल," ती म्हणाली. "मला अजून चालायचंय."