मनातली पंगत

“आधी मीठच ना? मी रोज मनात असंच वाढते,” मी ताटात मीठ वाढताना जेवायला आलेली यांच्या ऑफिसातली शर्वाणी हसली. “रात्री डोकं थांबायचंच नाही. आता डोळे मिटून पंगत वाढायला घेते. मीठ, लिंबू, चटणी... भातापर्यंत पोचायच्या आत झोप!”

माझा हात तसाच राहिला. बाबा गेल्यावर मला झोप येईना, तेव्हा यांनीच ही पंगत शिकवली होती.

“पहिल्या पाटावर कोण बसतं?” मी विचारलं.

“एक आजोबा. मीठ दोनदा मागतात.”

माझे बाबा. त्यांची ती सवय मी फक्त यांना सांगितली होती, रडता रडता.

हे रिकाम्या ताटाकडे बघत राहिले. मी मिठाची वाटी यांच्यासमोर आदळली.

“दोघींना तुम्हीच शिकवलंत. आता वाढा तुम्हीच.”