पाखऱ्याचं नाव

रांग संपली, दुपारचे दोन वाजले, तरी अंबूबाई बाकावरून उठेना. सोमाटण्याच्या त्या दवाखान्यात पेशंटची माहिती संगणकावर चढवायला गोरख बसायचा. दोघंही उर्से गावचे, एकाच आळीतले.

“मावशी, काय होतंय ते सांगा की. लिहायचंय.”

“डाक्टरीणबाईलाच सांगीन.”

“त्यांनाबी ते हितंच लिवावं लागतं. दुसऱ्या कुणाला दिसत न्हाई. पासवर्ड असतोय, कुलपासारखा.”

“कसलं कुलूप? पाखऱ्या म्हटलं की उघडतंय न्हवं?”

गोरख गारच पडला. पाखऱ्या म्हणजे त्याचा शर्यतीचा बैल. मागच्या जत्रेत शर्यतीच्या घाटात पहिला आला, आणि अंगावरचा गुलाल झटकायच्या आधीच गोरखची स्वारी पारावर बसून सांगत सुटली होती, की दवाखान्याचा संगणकसुद्धा पाखऱ्याचं नाव टाकल्याशिवाय उघडत नाही. ऐकायला निम्मं गाव होतं. सगळे हसले होते, आणि तो स्वतः सगळ्यांत जास्त.

अंबूबाईनं आवाज खाली आणला. “नातीचं जमवायचं चाललंय. घरात दुखणं हाय म्हनून कळलं तर पावणं मागं फिरत्याल. तीन म्हैनं झालं, अंगावरच काढतीय.”

तीन महिने! गोरखला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आपल्या एका फुशारकीपायी ही बाई दुखणं गिळून बसली होती.

त्यानं स्क्रीन भिंतीकडे वळवला, खांदा आडवा धरला आणि पाखऱ्याचं नाव काढून टाकलं. जिवावर आलं, पण काढलं. नवा पासवर्ड दोनदा टाकला.

“बदलला, मावशी.”

“आता काय ठेवलास?”

गोरखच्या जिभेवर आलंच होतं. मोठ्या मुश्किलीनं त्यानं तोंड मिटलं.

“न्हाई सांगायचं.”

“मलाबी?”

“तुमालाबी न्हाई.”

अंबूबाईनं त्याला जरा वेळ निरखलं. पारावर बसला की याच्या पोटात काही राहत नाही, हे तिला त्याच्या लहानपणापासून ठाऊक होतं. मग ती बाकावरून उठली, खुर्ची ओढून त्याच्या टेबलाशी बसली आणि पदराआडून छातीवर हात ठेवला.

“हितं गाठ हाय,” ती म्हणाली. “लिव.”