बाईंसाठी फोटो

रोमहून कोलोसियमचा फोटो आला तेव्हा नारायणराव बायकोच्या खाटेवर बसले होते. फोटोत चैत्राली हसत उभी होती, मागे कमानींची ती प्रचंड भिंत. खाली तिने लिहिलं होतं, 'बाई, हजर!'

नारायणरावांनी चष्मा पुसला. बायकोच्या मोबाईलवर एकेक अक्षर शोधत त्यांनी उत्तर लिहिलं, 'पडका भाग कुठला ते नीट बघ. आणि उन्हात टोपी घाल.'

सौदामिनीबाईंना जाऊन तेव्हा तीन दिवस झाले होते.

बाईंनी भोरच्या शाळेत आयुष्यभर इतिहास शिकवला. रोमचं साम्राज्य, फ्रान्सची राज्यक्रांती, सगळं भिंतीवरच्या नकाशावर छडी ठेवून. बघितलं त्यातलं काहीच नाही. चैत्राली त्यांच्याच वर्गात होती. शाळेत आईला बाई म्हणावं लागायचं, ती सवय घरातही राहिली. लाडात आली की ती आईला बाईच म्हणायची.

नवऱ्याबरोबर युरोपच्या या सहलीला जायला ती तयार नव्हती. बाईंचं हृदय पार थकलं होतं. मनाला धक्का बसेल असं काही यांच्या कानावर जाऊ देऊ नका, असं डॉक्टरांनी जावयाला, अद्वयला, बाजूला घेऊन बजावलं होतं. पण बाईंनी हट्टच धरला. "तू बघ आणि मला फोटो पाठव. म्हणजे मी बघितल्यासारखंच आहे."

चैत्राली आणि अद्वय अथेन्समध्ये असताना बाई गेल्या. जाण्याआधी नवऱ्याचा हात धरून म्हणाल्या, "तिला अर्ध्यातून बोलवू नका. सगळं बघून येऊ दे."

नारायणरावांनी अंत्यसंस्कार उरकले. नात्यातल्या मोजक्या माणसांना हात जोडून सांगितलं, पोरगी परत येईपर्यंत तिला कळवू नका.

रत्नाला मात्र हे पटलं नव्हतं. ती उत्रोलीहून रोज स्वयंपाकाला यायची. बाईंचं आजारपण तिनंच काढलं होतं.

"काका, आई गेलीया तिची," ती दारात उभी राहून म्हणाली. "ती फोटू पाठवतीया आन् तुमी तिला टोपी घाल म्हून लिवताय?"

"तिच्या आईचाच शब्द आहे, रत्ना."

"आसंल. पर उद्या पोरीनं इचारलं, माझ्या आईचं तोंड मला का बगू दिलं न्हाई, तर काय सांगताल?"



नारायणरावांना खरी धास्ती होती ती व्हिडिओ कॉलची. चैत्राली रोज संध्याकाळी फोन करायची. 'आई झोपलीय' म्हणून त्यांनी दोन वेळा कशीबशी वेळ मारून नेली होती. तिसऱ्यांदा काय सांगायचं, या विचाराने त्यांना घास जाईना.

पण तशी वेळ आलीच नाही. कोलोसियमच्या दुसऱ्या दिवशी नुसता निरोप आला. 'घसा बसलाय. बोलता येत नाही. फोटो पाठवत जाईन.'

नारायणरावांनी देवाला हात जोडले.

मग फोटो येत राहिले. फ्लॉरेन्सचा लाल घुमट. पिसाचा कललेला मनोरा. पॅरिसचं नोत्र दाम चर्च. नारायणराव बाईंची जुनी पुस्तकं काढून वाचत, आणि बाईंनी विचारले असते तसे प्रश्न विचारत. उत्तरं उशिरा येत, तीही एकदोन शब्दांची.

एकदा त्यांनी लिहिलं, 'नुसत्या इमारतीच दिसतात. तू कुठे आहेस?'

बऱ्याच वेळाने उत्तर आलं, 'फोटो मीच काढतेय ना आई.'

दमली असेल पोर, नारायणरावांना वाटलं. 'बाई' म्हणायचंही त्राण उरलं नसेल.

दुपारी त्यांनी लिहिलं, 'मला आता बरं वाटतंय.' आणि ते वाचून त्यांचं त्यांनाच आवरेना. बाईंच्या उशीत तोंड खुपसून ते रडत असताना मोबाईल वाजला.

'आई, तू फक्त बरी हो. बाकी काही नको.'

परतायचा दिवस आला तसा निरोप आला की विमान पुढे ढकललंय, आणखी चार दिवस लागतील. नारायणरावांना तेही सुटल्यासारखंच वाटलं. कसं सांगायचं, ते अजून त्यांना सुचलं नव्हतं.

एक मात्र त्यांनी ठरवलं. घरात पाऊल टाकताच तिला आईचा हार घातलेला फोटो दिसायला नको. त्यांनी अद्वयला वेगळा निरोप धाडला. 'येताना कापूरहोळला थांबा. घरी यायच्या आधी मला भेटायचंय. चैत्रालीला एवढ्यात काही सांगू नकोस.'

उत्तर लगेच आलं. 'चालेल बाबा. तुम्ही एकटेच या.'

पोरगा समजूतदार आहे, नारायणराव मनाशी म्हणाले. त्याच्या लक्षात आलं असणार.

त्या सकाळी ते एसटीने कापूरहोळला उतरले आणि भोरच्या फाट्यावर, एका ढाब्याच्या कडेला उभे राहिले. पुण्याकडून येणारी प्रत्येक टॅक्सी ते निरखत होते. ओठांतल्या ओठांत एकच वाक्य घोळवत होते, बाळा, आईला अजिबात त्रास झाला नाही.

एक ॲम्ब्युलन्स वेग कमी करत त्यांच्या अंगाशी आली. तिला जागा द्यायला नारायणराव मागे सरले. ती तिथेच थांबली, आणि ड्रायव्हरशेजारून अद्वय उतरला. दाढी वाढलेली, डोळे सुजलेले.

नारायणरावांनी त्याच्या मागे, लांबपर्यंत रस्त्यावर पाहिलं.

"चैत्राली मागच्या गाडीत आहे का रे?"

अद्वयने ॲम्ब्युलन्सच्या बंद दाराकडे पाहिलं. मग त्यांचे दोन्ही हात घट्ट धरले.

"बाबा," तो म्हणाला, "आईंना एवढ्यात काही कळू देऊ नका."