ताई

सरकारी साहेबाने दोघा भावंडांच्या केसांत पेन्सिल खोचून पाहिली. अलिदाची गळून पडली, म्हणून ती गोरी ठरली. धाकट्या फ्लोरिसची कुरळ्या केसांत अडकली, तेव्हा त्याची रवानगी केपटाऊनबाहेरच्या, गोरे नसलेल्यांच्या वस्तीत झाली. पुढे तीस वर्षं तो बहिणीच्या घरी माळी म्हणून येत राहिला, तिला "बाईसाहेब" म्हणत.

रंगाची नोंद ठेवणारा कायदा रद्द झाला, त्या आठवड्यात अलिदाने त्याला पहिल्यांदाच पुढच्या दाराने बोलावलं.

"आत ये रे. आता तरी ताई म्हण."

"म्हणेन की. पण मी कोण, ते आधी तुझ्या मुलांना सांग."

अलिदा घुटमळली. मग मुलांना ऐकू जाणार नाही अशा बेताने म्हणाली, "पुढच्या आठवड्यात सांगते."