मुंग्यांची टकटक

पडदा उघडला, दिवे लागले, साउंडवाल्याने मामांचं गाणं सुरू केलं आणि काहीच वाजलं नाही.

रंगमंचावर काळ्या कपड्यांतल्या मुंग्या पाठीवर थर्माकोलचे साखरेचे दाणे घेऊन एका रांगेत उभ्या होत्या. त्या उभ्याच राहिल्या.

मामा विंगेतून डोकावून बघत होते. मामा ड्रायव्हिंग स्कूल चालवायचे आणि हल्लीच संगीतकार झाले होते. म्हणजे लॅपटॉपवर गाणी बनवायचं एक फुकटचं सॉफ्टवेअर त्यांनी उतरवून घेतलं होतं आणि रोज संध्याकाळी ते त्याच्याशी झटापट करत होते. भाची शाळेत नाच शिकवायची. "मामा, माझ्या मुंग्यांना गाणं तूच दे," असं तिने मोठ्या मनाने सांगितलं होतं. आता ती शेजारीच उभी होती आणि मामांकडे अशी बघत होती, जणू त्यांची आणि तिची कधी ओळखच नव्हती.

"काका, फाइल रिकामी दिसतेय," साउंडवाला म्हणाला.

"रिकामी नाही. सुरुवातीला थोडी मोकळी जागा आहे."

सगळे सूर उचलून अगदी सुरुवातीला कसे आणून ठेवायचे, तो धडा अजून व्हायचा होता. हे मामांनी त्याला सांगितलं नाही.

"पण त्या जागेत टकटक हवी," ते म्हणाले. "ती कुठे गेली?"

"कसली टकटक?"

"टक टक टक टक. मुलं तिच्यावरच पाऊल उचलतात."

साउंडवाल्याने हेडफोन काढून गळ्यात अडकवला. "अहो काका, ती बनवणाऱ्यासाठी असते. मात्रा मोजायला. फाइलमध्ये उतरत नाही ती."

सॉफ्टवेअर पहिल्या दिवसापासून आपणहून टकटक करत होतं. नवशिक्या माणसाला कंपनीने केलेली मदत, असं समजून मामांनी तिचे मनोमन आभारही मानले होते. ताल फुकटात मिळतोय म्हटल्यावर ते तबला-ढोलकीच्या वाटेला गेलेच नाहीत, नुसते लांबलचक सूर पसरत बसले. तालमीही लॅपटॉपवरच झाल्या. मुंग्यांनी सुरांकडे कधी लक्षच दिलं नव्हतं. त्यांनी फक्त टकटक पाठ केली होती.

पुढच्या मुंगीने मान वळवून विंगेकडे पाहिलं. मधल्या एकीचा ओठ थरथरायला लागला. प्रेक्षकांत कोणीतरी हसलं.

मामांचा पाय आपोआप ब्रेक शोधू लागला. शिकाऊ माणूस गडबडला की गाडीत त्यांच्या बाजूचा तो जादा ब्रेक ते दाबायचे. इथे शिकाऊ ते स्वतःच होते आणि पायाखाली नुसती फळी होती.

"मामा, काहीतरी कर ना," भाची रडकुंडीला येऊन म्हणाली.

मामांना फार वाईट वाटलं. आपल्या हौसेपायी या चिमुरड्यांचं भर सभागृहात हसं होणार होतं. पण करायचं काय, ते त्यांना सुचेना.

तेवढ्यात टकटक सुरू झाली.

ती स्पीकरमधून येत नव्हती. पहिल्या रांगेत मामी बसल्या होत्या. चष्म्याची डबी त्या खुर्चीच्या लाकडी हातावर आपटत होत्या. कपाळाला आठ्या, नजर समोर, आणि हात असा चालला होता की त्यात तसूभर इकडचं तिकडं नाही. रोज संध्याकाळी स्वयंपाकघरातून, "अहो, ती टकटक बंद करा, माझं डोकं उठलंय," असं ओरडणाऱ्या याच मामी. त्यावर मामांचं उत्तरही ठरलेलं असायचं, "अगं, गाण्याचा जीव आहे तो."

पुढच्या मुंगीने कान टवकारले. तिने पाऊल उचललं. मागचीने उचललं. मोकळी जागा संपून मामांचा पहिला लांबलचक सूर वाजायला लागला, तेव्हा अख्खी रांग साखर घेऊन निघाली होती. कोणी चुकलं नाही. ओठ थरथरत होता ती मुंगी तर वळणावर चक्क हसली. भाचीने विंगेतल्या विंगेत मामांचा हात गच्च धरला आणि गाणं संपेपर्यंत सोडला नाही.

टाळ्या पडल्या. मामीही टाळ्या वाजवणार होत्या, पण त्यांचा एक हात गुंतला होता.

घरी जाताना मामा गाडी चालवत होते. "तुला अख्खं गाणं पाठ होतं," ते शेवटी म्हणाले.

"पाठ कसलं? बसलंय डोक्यात. जातच नाही." मामींच्या मांडीवर चष्म्याची डबी होती आणि तिच्यावर त्यांचं बोट अजून आपटत होतं. त्यांनी ते दुसऱ्या हाताने दाबून धरलं. मग दुसऱ्या हाताचं बोट आपटायला लागलं.

"अहो, आता तरी खरं सांगा. ही बंद कशी करायची?"

मामांनी गाडी हळू केली, आरशात मागे पाहिलं, कोणी नव्हतं.

"बटण असणार कुठेतरी," ते म्हणाले. "तू पहिल्यांदा ओरडलीस, तेव्हापासून तेच शोधतोय."