डोक्याचं पॅड

चेंडू सिद्धाप्पाच्या बॅटची कड घेऊन वर उडाला, त्याच्या कपाळावरच्या हेल्मेटवर आदळला आणि थेट स्लिपमधल्या खेळाडूच्या हातात जाऊन बसला. अपील झालं. सगळं पार्क मैदान पंचाच्या, म्हणजे तिप्पण्णाच्या, बोटाकडे बघायला लागलं.

आता आली का पंचाईत! १९७८ सालच्या सोलापुरात क्रिकेटच्या मैदानावर हेल्मेट पाहिलं होतं कुणी? हे तर स्कूटरचं होतं. स्कूटर कुठं लावली, असं विचारून लोकांनी सिद्धाप्पाला सकाळपासून पिडलं होतं. जिंकायला दोन धावा हव्या होत्या आणि शेवटची जोडी खेळत होती. सिद्धाप्पाच्या गिरणीचे लोक म्हणाले, हेल्मेट म्हणजे बाहेरची वस्तू, तिला लागला की चेंडू मेला. समोरच्या गिरणीचे म्हणाले, मेला कसला, झेल घेतलाय चांगला.

तिप्पण्णाने दोन्हीकडं पाहिलं. तो सिद्धाप्पाच्याच गिरणीतला आणि त्याच्याच चाळीत शेजारच्या खोलीत राहणारा. गेल्या वर्षापर्यंत तो पंच नव्हता, गिरणीचा सगळ्यात जलद गोलंदाज होता. सरावात त्याचाच चेंडू सिद्धाप्पाच्या कानशिलावर बसला आणि सिद्धाप्पाने तीन दिवस डोळे उघडले नाहीत. पुढे तो बरा झाला, हसत कामावर गेला. पण त्याची बायको महादेवी त्या दिवसापासून तिप्पण्णाशी एक शब्द बोलली नव्हती. भिंतीपलीकडून तिच्या भाकरी थापण्याचा आवाज यायचा. पूर्वी त्यातली एक गरम भाकरी तिप्पण्णाच्या दारात यायची, ती बंद झाली. त्याने गोलंदाजीच सोडली. पांढरी पँट बोहारणीला देऊन पातेलं घेतलं, असं त्याने चाळभर सांगितलं.

महादेवी आज लिंबाच्या सावलीत बसून सामना बघत होती.

ते हेल्मेट गुपचूपच आलं होतं. दिवाळीत एका सकाळी सिद्धाप्पाच्या दाराच्या कडीला अडकवलेलं सापडलं. गिरणीच्या क्लबनं दिलं असणार, असं सिद्धाप्पाने ठरवून टाकलं. महादेवीनं मात्र ते आतून-बाहेरून बराच वेळ न्याहाळलं आणि नवऱ्याला एकच अट घातली. हे डोक्यावर असेल तरच खेळायचं.

तिप्पण्णाने नाबाद दिलं असतं, तर कोण काय बोलणार होतं? नियम ठाऊक होता कुणाला? वहिनी कदाचित हसलीही असती. आणि बाद दिलं, तर ज्याने डोकं फोडलं त्यानेच नवऱ्याला भर मैदानात हरवलं, हे ती जन्मभर विसरणार नव्हती. एका बोटावर शेजार जाणार होता. पण पहिला आवाज लाकडाचा होता आणि तो तिप्पण्णाने ऐकला होता.

"बॅटला लागून पॅडवर उडाला न् कुणी झेलला, तर बाद देतो का न्हाय?" तो म्हणाला. "मग हे डोक्याचं पॅड हाय."

त्याने बोट वर केलं.

सामना गेला. बॅटला लागला होता, असं सिद्धाप्पाने स्वतःच कबूल केलं आणि तिप्पण्णाच्या खांद्यावर हात ठेवला. तेवढ्यात महादेवी पदर खोचून मैदानातून तरातरा येताना दिसली. लोक बाजूला झाले. आता पंचाचं काही खरं नाही, असं सगळ्यांनाच वाटलं.

तिनं आधी नवऱ्याच्या डोक्यावरचं हेल्मेट काढलं. केसांतून बोटं फिरवली. कुठं टेंगूळ नाही, रक्त नाही, अशी खात्री झाल्यावर तिनं मोठा श्वास सोडला. मग ते हेल्मेट तिनं तिप्पण्णासमोर उलटं धरलं. आत पांढऱ्या कापडाच्या घड्या घालून जाड दोऱ्यानं अस्तर शिवलेलं होतं. त्या कापडावर चेंडू घासून घासून पडलेला तांबडा डाग होता, जलद गोलंदाजाच्या मांडीवर असतो तसाच.

"बोहारणीला दिली म्हणत होता की, भावजी," ती म्हणाली. "आता दुसरी शिवून घ्या. ह्यांना सरावाला चेंडू कोण टाकणार?"